लिरा थिएटरचा रस्ता

नेल्सी तुन, सगळ्यांची ‘दोन्या’ म्हणजे बाईसाहेब, बसच्या पायरीवर पाय ठेवायची, तेव्हा मेरिदा शहरातले ड्रायव्हर आधी तिच्या हाताकडे बघत. भाड्यासाठी नव्हे. तिच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो असे, आणि दहा आठवड्यांत तो फोटो अर्ध्या शहराच्या ओळखीचा झाला होता.

“आज कुणीकडं, दोन्या?”

“कानासीनला. देवळामागच्या कलिंगडवाल्याला तो परवा दिसला म्हणे.”

“मग बसा माझ्या मागं, तिकडून ऊन येत नाही. आणि ते पैसे पर्समध्ये ठेवा बघू, नाहीतर मी गाडीच सोडणार नाही.”

गाडी सुटली की फोटोचा प्रवास सुरू व्हायचा. मागच्या दारानं चढलेल्या माणसाचं भाडं जसं हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातं आणि सुटे पैसे हातोहात परत येतात, तसा तो फोटो पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जायचा. प्रत्येक हातात क्षणभर थांबायचा.

“अगं बाई, हे तर माझ्या सासऱ्यांसारखे दिसतात!”

“तुझे सासरे? त्यांना बघून आरशाला तडा जायचा.”

“गप रे मेल्या. दोन्या रडतील.”

“रडतायत कुठं? हसतायत बघ.”

नेल्सी खरंच हसायची. दहा आठवडे ज्या बाईचा नवरा बेपत्ता आहे, तिला हसवल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असं जणू त्या शहरानं आपापसांत ठरवून टाकलं होतं. आणि फोटो परत येताना कधी रिकामा यायचा नाही. त्याच्याबरोबर काहीतरी खबर यायचीच. मागच्या बाकावरची बाई म्हणते, कोलुलच्या बाकड्यावर बसले होते, चांगले जाडजूड झालेत. तो न्हावी म्हणतो, गेल्या शनिवारी मीच दाढी केली त्यांची, गाल मऊ आहेत. नेल्सी त्या त्या थांब्यावर उतरायची. तिचा नवरा क्लेतो तिथं नसायचा, पण तिथली माणसं तिला सावलीत खुर्ची द्यायची, पाणी द्यायची, पोटभर खायला घालायची आणि म्हणायची, “इथून निघून कौसेलकडं गेले बघा. तिकडची बस त्या कोपऱ्यावर मिळेल.”

चव्वेचाळीस वर्षं ती मेरिदात राहिली आणि तिला शहराचे तीनच तुकडे ठाऊक होते. घर, बाजार आणि लिरा थिएटर. आता तिला सगळं शहर पाठ झालं. कुठल्या कोपऱ्यावरून कुठली बस सुटते, कुणाच्या काचेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेली गावं अर्धी पुसलीत, कुठल्या ड्रायव्हरच्या आरशाला मुलीचा पहिला बूट टांगलेला आहे, कुठल्या शेवटच्या थांब्यावर घेवडा भरलेले पानुचो ताजे तळून मिळतात. एवढं सुंदर शहर आपण कधी बघितलंच नाही, असं एकदा तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिनं फोटो छातीशी धरून डोळे मिटून घेतले.

फोटोतला माणूस आनाक्लेतो, तिचा क्लेतो. चार खिशांचा पांढरा सदरा, मोठे कान, आणि पुढचा दात पडलेला म्हणून ओठ मिटून हसण्याची सवय. डोकं उघडं. टोपी त्यानं जन्मात घातली नाही. त्यामागं कारण होतं, आणि त्या कारणातच त्याचं सगळं आयुष्य होतं.

क्लेतो लिरा थिएटरचा प्रॉम्प्टर होता. लिरा म्हणजे काही मोठं नाटकघर नव्हे. दोनशे खुर्च्या, चार पंखे, त्यांतले दोन चालू. पण दर शुक्रवारी नवा फार्स लागायचा. त्यात महापौरापासून सासूपर्यंत कुणाचीही धडगत नसे, आणि प्रेक्षक नटांना खुर्चीतूनच उत्तरं देत. दर शुक्रवारी नवं नाटक म्हटल्यावर नट पाठ काय कप्पाळ करणार? रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोबण होती, तिच्यावर शिंपल्याच्या आकाराचं लाकडी झाकण. त्यात क्लेतो कमरेपर्यंत उतरून बसायचा, मांडीवर वही, वहीजवळ एक मिणमिणता दिवा. वर झाकण इतकं टेकलेलं की टोपी घातली तर वहीवरच पडायची. तिथून तो कुजबुजायचा. त्याची कुजबुज रंगमंचाच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचायची आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू यायची नाही. ही विद्या कुणी शिकवून येत नाही. एकदा मुख्य विनोदी नट इतका पिऊन आला की त्याला स्वतःचं नावही आठवेना. क्लेतोनं त्याला दोन अंक शब्द शब्द भरवले, बाळाला भात भरवावा तसे. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. हार त्या नटाच्या गळ्यात पडले. क्लेतो खोबणीतून बाहेर आला, गुडघे झटकले आणि विंगेत शिवत बसलेल्या नेल्सीला म्हणाला, “आज बरं झालं, नाही?”

नेल्सी कपडेपटाची. नाचणाऱ्या बायकांच्या झग्यांवरची फुलं ती भरायची. दोघांचं लग्नही सोमवारी झालं, कारण सोमवारी लिराला सुट्टी.

एकोणीस वर्षांपूर्वी लिरा पाडलं. आज तिथं एका चपलांच्या दुकानाच्या मागे गाड्या उभ्या राहतात. दोन वर्षांपूर्वी क्लेतोची आठवण उसवायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग किल्ल्या कुठं ठेवल्या ते गेलं, मग आपल्याला मूलबाळ झालं नाही हेसुद्धा. साऱ्या नटांची विसरलेली वाक्यं ज्यानं पुरवली, त्याला आता वाक्य पुरवायला नेल्सी एकटीच उरली. आठवणीत शाबूत राहिलं फक्त लिरा. संध्याकाळ असो की सकाळ, तो एकदम उठायचा. “दुसरी घंटा झाली, नेल्सी! माझा सदरा कुठाय?”

“आज खेळ नाही, क्लेतो.”

“हो का? मग बरं,” म्हणून तो पुन्हा झोपायच्या झोळीत पडायचा.

एप्रिलातल्या त्या सोमवारी सकाळीही तो उठला. सोमवार, म्हणजे चुलीवर काळा घेवडा आणि डुकराचं मटण. त्या दिवशी मेरिदात दुसरं काही शिजतच नाही. नेल्सीचे हात पिठात होते, मटण तळाला लागत होतं, आणि सकाळपासूनची ती चौथी दुसरी घंटा होती.

“नेल्सी, दुसरी घंटा!”

“हो रे बाबा. तू हो पुढं, मी आलेच.”

क्लेतो निघाला तो परतलाच नाही. आपलं ते वाक्य तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पोलीस चौकीतल्या माणसांनाही नाही. त्यांनीही तिला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि म्हणाले, “काळजी करू नका, आजी, आमची माणसं निघालीच आहेत.” ती माणसं अजून निघतच होती.

पहिल्या दिवशी ती धावत लिराच्या जागी गेली होती. गाड्यांच्या रांगांमधून तीनदा फिरली. क्लेतो तिथं पोचला नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, सान सेबास्तिआनकडं दिसला; आणि मग बस सुरू झाल्या.

जूनमधल्या एका सकाळी ती उमानच्या बसमध्ये होती. शेजारी खेड्यातलं एक जोडपं चढलं. नवऱ्याच्या मांडीवर शिलाई मशीनचं डोकं, फडक्यात बांधलेलं.

“दोन्या, मशीनचे सुटे भाग मिळतात ते ‘सुई’ दुकान कुठं हो?”

“‘सुई’ ना?” नेल्सीनं हात बाहेर काढून दाखवलं. “पुढच्या थांब्यावर उतरा. डाव्या हाताला दोन चौक चाला. औषधाचं दुकान लागेल, त्याच्या अंगालाच आहे. हिरवं दार.”

“देव भलं करो तुमचं!”

ती दोघं उतरली. नवरा मशीनचं डोकं बाळासारखं खांद्यावर घेऊन डावीकडं वळला. बस निघाली. आणि नेल्सीच्या लक्षात आलं, की ‘सुई’ नावाचं दुकान तिनं आयुष्यात पाहिलेलं नाही. औषधाचं दुकान तिनं आपल्या मनानंच तिथं उभं केलं होतं. हिरवं दारसुद्धा.

त्यात नवीन असं काही नव्हतं. विचारणाऱ्याला “ठाऊक नाही” म्हणून तोंडावर दार लावायचं, हे तिच्या आईनं तिला शिकवलंच नव्हतं. मेरिदात कुणाच्याच आईनं शिकवलेलं नाही. आशेनं विचारणाऱ्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

तिनं बाहेरचा हात आत घेतला.

क्लेतोला लिराचा रस्ता स्वयंपाकघराच्या रस्त्यापेक्षा पाठ आहे, असंच ती दहा आठवडे धरून चालली होती. त्याला तो रस्ता कुणाला विचारावा लागला असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. आणि त्यानं विचारलं असेल, तर या शहरात त्याला कोण म्हणालं असेल, की बाबा, ते पाडलं?

पुढच्या सोमवारी तिनं घेवडा शिजत घातला नाही. फोटो भिंतीवरच्या आकड्याला, क्लेतोची झोळी दिवसा गुंडाळून टांगतात त्या आकड्याला, अडकवून ठेवला. फुलं भरलेला चांगला झगा घातला आणि त्याच वेळेला, त्याच दारातून बाहेर पडली.

कोपऱ्यावर पेपरवाला होता. “लिरा थिएटर कुठं हो?” तिनं विचारलं, जणू ती आजच शहरात आली होती. तो तिला रोज बघायचा, पण फोटोशिवाय त्यानं तिला ओळखलं नाही.

“लिरा? सरळ दोन चौक, मग उजवीकडं. चुकणारच नाही तुम्ही.”

दोन चौक, उजवीकडं. तिथं एका बँकेच्या दारात पहारेकरी उभा होता.

“लिरा इथं नाही आता, दोन्या. मोठ्या जागेत गेलं. उत्तरेला. काचेवर ‘उत्तर’ लिहिलेली बस धरा.”

“मोठ्या जागेत?”

“वातानुकूलित!” पहारेकरी स्वतःच्या मालकीचं असल्यासारखा म्हणाला.

थांब्यावरच्या रांगेत एका बाईनं तिचा हातच धरला. “लिराला निघालात? अगं बाई, माझी आई नेहमी जायची! या, मी बसवून देते.” आणि चढताना ओरडून ड्रायव्हरला सांगितलं, “यांना नाटकाला जायचंय, नीट उतरव, नाहीतर तुझ्या आईला सांगेन!”

“माझी आई तुम्हाला कुठं ठाऊक?”

“तुझ्या तोंडावरनं कळतं, बिचारी किती सोसते ते!”

बस हसली. नेल्सी खिडकीशी बसली. तिला क्लेतो दिसत होता. इथंच बसला असेल, ओठ मिटून हसत. एवढी सगळी माणसं त्याच्या खेळाची काळजी घेतायत, म्हणून किती बरं वाटलं असेल त्याला. खोबणीत बसून त्यानं आयुष्यभर इतरांना पुढचं वाक्य दिलं. त्या दिवशी सारं शहर त्याला पुढचं वाक्य देत होतं.

त्या बसच्या अखेरच्या थांब्यावर एका जाड्या, घामानं निथळणाऱ्या ड्रायव्हरनं तिला स्वतःच्या गाडीत घेतलं. “लिरा ना? माझ्याच रस्त्यावर आहे. शेवटच्या थांब्यावर उतरा, समोरच दिसेल. आधी हे खा,” म्हणून अर्धी केळीची पोळी तिच्या हातात ठेवली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. घरं विरळ झाली, मग पुन्हा दाट झाली, पण आता सगळी एकाच साच्यातली. अर्ध्यांच्या खिडक्यांना काचाच नव्हत्या. बसमध्ये शेवटी दोघंच उरली. शेवटचा थांबा म्हणजे एक खांब. पुढं डांबर संपत होतं, पांढऱ्या चुनखडीची पायवाट सुरू होत होती, आणि तिच्या पलीकडं काटेरी रान, कमरेएवढं, मग डोक्याएवढं, आभाळापर्यंत. खांबाजवळ गुलमोहर पेटला होता. त्याखाली टेबल मांडून एक बाई कापलेली फळं तिखट लावून विकत होती. तिचं नाव फ्लोरी, हे तिनं स्वतःच सांगितलं, दोन्या नेल्सीनं काही विचारायच्या आधी.

“लिरा थिएटर कुठं हो, फ्लोरी?”

फ्लोरीनं रानाकडं पाहिलं. मग नेल्सीच्या भरतकाम केलेल्या झग्याकडं पाहिलं. त्या झग्यासाठी काहीतरी चांगलं सांगायलाच हवं, असं तिच्या चेहऱ्यावर उमटलं.

“सरळ, राणी. हीच वाट. फार लांब नाही.”

नेल्सी टेबलाजवळ सरकली.

“हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलं होतं का? एप्रिलात. म्हातारा माणूस, पांढरा सदरा, मोठे कान.”

“हो तर! आले होते ना. काय गोड माणूस! मी पाणी दिलं त्यांना. जिकामाचा कंद दिला, मीठ लावून. म्हणाले, घंटा होईल, जायला हवं. गेले सरळ.”

घंटा. घंटेचं तर तिनं सांगितलं नव्हतं. पण नाटकाला निघालेला माणूस घंटेचंच बोलणार, एवढं कुणालाही सुचलं असतं. हिरवं दार तिलाही सुचलंच होतं की.

मग तिनं ते विचारलं. विचारू नये असं वाटत असताना विचारलं.

“लाल टोपी होती का हो त्यांच्या डोक्यावर?”

फ्लोरीचा चेहरा उजळला. “हो हो! लाल टोपी. अगदी शोभत होती त्यांना. बसा राणी, उभ्या का? कलिंगड कापू?”

बस परत फिरायला अर्धा तास होता. नेल्सी पायवाटेनं आत गेली. झग्याला काटे लागत होते, भरलेल्या फुलांचे धागे निघत होते. ऊन असं की दगडांचा पांढरा रंग डोळ्यांत टोचावा. एप्रिलात तर याहून जास्त. शंभर पावलांवर वाट फुटली. एक डावीकडं, एक उजवीकडं, एक सरळ, आणि तिन्हींवर गुरांच्या खुरांचे ठसे. ती थांबली. या शहरात पहिल्यांदाच तिला रस्ता सांगायला कुणी नव्हतं.

“क्लेतो!”

रातकिडे भर दुपारी किरकिरत होते. ते क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

तिनं तोंडाशी हात धरले. लिराच्या विंगेतून व्यवस्थापक ओरडायचा तसं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं, ती ओरडली, “तिसरी घंटा! तिसरी घंटा, क्लेतो! सुरू करतोय!”

एकोणीस वर्षांत तिनं तो शब्द उच्चारला नव्हता. तिसऱ्या घंटेला क्लेतो खोबणीत नाही, असं कधी झालं नव्हतं. ती तिन्ही वाटांच्या तोंडाशी उभी राहिली. एखादी वाळकी काडी मोडेल, एखादा कुजबुजलेला शब्द येईल, म्हणून श्वास रोखून उभी राहिली. तो सरळ गेला असेल. डावीकडं गेला असेल. किंवा या खांबाशी कधी आलाच नसेल, दुसऱ्या एखाद्या शेवटच्या थांब्यावर दुसऱ्या एखाद्या प्रेमळ बाईनं त्याला दुसऱ्या रानात पाठवलं असेल. शहराला शेवटचे थांबे किती आहेत, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि प्रत्येक थांब्यावर विचारलं, तर लोक हो म्हणणार होते. आता कुणाचं हो तिच्या काही कामाचं नव्हतं. आणि त्या सगळ्यांच्या आधी, हात पिठात असताना, पहिलं हो तिचंच होतं. तू हो पुढं, मी आलेच.

खांबापाशी हॉर्न वाजला. ती परत आली. फ्लोरीनं कलिंगडाच्या फोडी पिशवीत बांधून ठेवल्या होत्या, पैसे घेईना. उलट झग्याच्या फाटलेल्या फुलांकडं बघून हळहळली, “अरेरे, किती सुंदर काम होतं!”

जाडा ड्रायव्हर दार उघडून वाट बघत होता. घाम पुसून तो आशेनं पुढं वाकला.

“काय दोन्या, मिळालं ना थिएटर?”

नेल्सीनं त्याच्याकडं पाहिलं. मघाशी अर्धी पोळी देणारा तो माणूस, चेहरा इतका उत्सुक, की नाही म्हटलं असतं तर त्याचा दिवस गेला असता.

“मिळालं,” ती म्हणाली. “समोरच होतं.”

“सांगितलं होतं ना मी!” त्यानं खूश होऊन स्टिअरिंगवर थाप मारली. “आणि खेळ? खेळ कसा होता?”

“छान होता, बाबा,” नेल्सी म्हणाली, आणि सावलीच्या बाजूला, त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.